खाशाबांच्या मागे कोण उभं होतं?

अंडरटेकरची उंची किती, बिग शोचं वजन किती, जॉन सिनाची रँक कितवी, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना अजून पाठ असेल. मधल्या सुट्टीत रेसलिंगचे कार्ड खेळून खेळून ते डोक्यात बसलंय. मग एक सोपा प्रश्न. आपले खाशाबा जाधव किती किलोच्या गटात लढायचे? मोबाइल बाजूला ठेवून सांगा बघू.

ऑलिम्पिक पदक जिंकलं तेव्हा ते बँटमवेट गटात होते, म्हणजे ५७ किलो. तुमच्या बेंचवर बसणाऱ्या एखाद्या बारीक पोराएवढं वजन! सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या या पैलवानाने २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक लिअँडर पेसने टेनिसमध्ये मिळवलं, तेव्हा १९९६ साल उजाडलं होतं. मध्ये ४४ वर्षं कोरडी गेली.

खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता आपल्याकडे राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी फोटोला हार घालतात, एक भाषण होतं आणि भाषणाचा शेवट ठरलेला असतो: जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही! टाळ्या वाजतात आणि सगळे कँटीनकडे वळतात. वाक्य चुकीचं नाही, पण ते फार सोयीचं आहे. सगळं काही जिद्दीवरच अवलंबून असेल तर बाकी कुणाला काही करायलाच नको. खेळाडू जिंकला तर त्याची जिद्द, हरला तर तीच कमी पडली. कॉलेज मोकळं, सरकार मोकळं आणि आपणही मोकळे.

खाशाबांची गोष्ट नीट वाचली तर ती वेगळंच काही सांगते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते शिकत होते. अंगाने किरकोळ दिसतात म्हणून कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत त्यांना उतरवायलाच क्रीडाशिक्षक तयार नव्हते, असं सांगतात. ते थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्यापेक्षा थोराड पैलवानांना लोळवलं. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. सगळी तालीम आखाड्याच्या लाल मातीत झालेली, आणि तिथे मॅटवर लढायचं, तेही परक्या नियमांनी. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले.

चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पुन्हा खिसा रिकामा. सरकारकडून पुरेसे पैसे मिळेनात. गावाने आपापल्या परीने वर्गणी काढली. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकर सरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. १९५२चे सात हजार! विद्यार्थी पदक आणेल याची काय खात्री होती? काहीच नाही. त्या सरांना घराएवढा भरवसा होता, बस.

आता हेलसिंकीतला प्रसंग पाहा. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून खाशाबा पुढे गेले होते. पुढे जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली लढत झाली आणि ती ते हरले. लगेच सोव्हिएत मल्लाविरुद्ध मॅटवर बोलावलं गेलं. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता म्हणतात, पण तो दाखवून द्यायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, सोव्हिएत मल्लाला रौप्य आणि आपल्या पैलवानाला कांस्य मिळालं.

या प्रसंगात जिद्द कुठे कमी पडली? कुठेच नाही. कमी पडला तो नियमांचं पुस्तक हातात घेऊन 'थांबा' म्हणणारा एक माणूस.

परतल्यावर कराड स्टेशनवर दीडशेच्या आसपास बैलगाड्यांनी त्यांचं स्वागत झालं. खाशाबांनी पुढे कुस्त्या भरवून पैसे उभे केले आणि सरांचं घर सोडवून दिलं. १९५५मध्ये ते पोलिस खात्यात उपनिरीक्षक झाले. साहाय्यक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त व्हायला जवळपास सगळी नोकरी खर्ची पडली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात ते गेले. हयातीत ना अर्जुन पुरस्कार मिळाला, ना पद्म. अर्जुन मिळाला तो मृत्यूनंतर.

हे सगळं पालघर-बोईसरच्या पोरांनी कशाला वाचायचं? कारण पोलिस भरतीचं स्वप्न आपल्याकडे घराघरात आहे. पहाटे बोईसरच्या रस्त्यांवर बघा, एमआयडीसीची रात्रपाळी सुटायच्या आधीच पोरं-पोरी धावत असतात. मुलांचे १६०० मीटर, मुलींचे ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. यातल्या कित्येकांना शाळेत कबड्डी, कुस्ती, धावण्यात गती होती. घरी बाबा तारापूरच्या कारखान्यात कंत्राटी, महिन्याचं गणित आधीच तंग. मग खेळ हा 'वेळ घालवणं' ठरतो आणि भरतीसाठी धावणं हे 'करिअर'. त्यात चूक नाही. खाशाबांनीही पोलिसाची नोकरी केलीच. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली नेमबाजीत कांस्य मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे रेल्वेत टीसी होता. खाशाबांनंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळालं, तेही नोकरी सांभाळून. प्रश्न नोकरीचा नाहीच. नोकरी लागेपर्यंतच्या चार-पाच वर्षांत खेळाडूला कोण सांभाळतं, हा आहे.

आपण मुंबई विद्यापीठाच्या पार वरच्या टोकाला. बोईसर ते चर्चगेट शंभरेक किलोमीटर. २०१३पासून लोकल डहाणूपर्यंत येते, पण फेऱ्या मोजक्याच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मुंबईत सकाळी आठला असेल तर आपल्या खेळाडूला पहाटेच निघावं लागतं. डब्यात उभं राहून दोन तास काढायचे आणि उतरून थेट वजन द्यायचं किंवा स्टार्टिंग लाइनवर उभं राहायचं. समोरचा मुंबईकर खेळाडू तासाभरापूर्वी उठून आलेला असतो. आपल्यासोबत बऱ्याचदा शिक्षक नसतो. एंट्रीत गोंधळ झाला, पंचाने चुकीचा निर्णय दिला, तर बोलणार कोण? हेलसिंकी आपल्यापासून फार लांब नाही. परत आल्यावर त्याच आठवड्यातले इंटर्नल्स बुडालेले आणि डिफॉल्टर लिस्टवर नाव.

कुणी म्हणेल, कॉलेजकडे पैसा नाही, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, खेळायला चाललेत दहा जण, त्यांच्यासाठी किती करायचं? अडचणी खऱ्या आहेत. पण जिमखान्याची फी दहा जणांकडून नाही, सगळ्यांकडून घेतली जाते. पावती काढून बघा. त्या पैशांतून खेळाडूला प्रवासभाडं आणि जेवण मिळतं का, हे विचारणं म्हणजे भांडण नव्हे. घर गहाण टाका असं आज कुणी कुठल्या प्राचार्यांना म्हणत नाही. आणि कुणावर ती वेळ यायलाही नको. एका शिक्षकाच्या घरावर देशाचं पदक टांगून ठेवावं लागलं, ही त्या शिक्षकाची थोरवी. आपल्या व्यवस्थेची ती लाजच आहे.

म्हणून मागणी साधी असावी. स्पर्धेच्या दिवशीची हजेरी धरावी आणि बुडालेली चाचणी पुन्हा द्यायची सोय लेखी असावी. तोंडी 'बघू नंतर' नको. मुंबईच्या स्पर्धेला जाताना एक जबाबदार मोठं माणूस सोबत असावं आणि त्याला त्या खेळाचे नियम ठाऊक असावेत. स्पर्धा सकाळी लवकर असेल तर आदल्या रात्री मुंबईत मुक्कामाची सोय व्हावी. यात स्टेडियम बांधायचं नाही की परदेशी कोच आणायचा नाही. स्टुडंट कौन्सिलने मनावर घेतलं तर एका टर्ममध्ये होण्यासारखं आहे.

आणि आपण, जे खेळत नाही ते? आपल्यालाही काम आहे. वर्गातल्या कबड्डीवालीला बुडालेल्या लेक्चरच्या नोट्स तिने न मागता पाठवा. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात मॅच असेल तर दहा जण मिळून बघायला जा. हरून आली तर 'काय गं, फुकट फिरून आलीस' असं गमतीतही म्हणू नका.

येत्या १५ जानेवारीला फोटोला हार घालू, भाषणही ऐकू. पण त्याआधी आपल्या कॉलेजातून यंदा कोण कोण कुठल्या खेळात उतरलंय, त्यांची नावं नोटीस बोर्डावर लावायला सांगा. कुणाच्या मागे उभं राहायचं, हे आधी कळायला तर हवं!