आवाज बंद, अक्षरं चालू!

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला मार्केटिंगवाल्यांचा मेल येतो, 'एक छोटासा मराठी व्हिडिओ हवाय, सोमवारी सकाळी लावायचाय!' मग काय, वीकेंडची वाट लागते. पण व्हिडिओ होतो. म्युझिक मस्त, ड्रोन शॉट्स तर एकदम झकास. आणि मग स्क्रीनवर मराठी अक्षरं उमटतात. 'विद्यार्थी'तला 'द्य' फुटलेला, म्हणजे पाय मोडलेला 'द' इकडे आणि सुटा 'य' तिकडे. 'क्लिक'ची वेलांटी शेजारच्या 'क'च्या गळ्यात! कुणीतरी म्हणतंच, 'चालतंय रे, कळतंय ना?'

नाही कळत, बॉस. पुस्तकात अडखळलात तर मागे जाऊन परत वाचता येतं. व्हिडिओतली ओळ दोन-तीन सेकंदांची पाहुणी असते. त्यात अर्धा सेकंद अक्षर ओळखण्यात गेला की पुढची ओळ हजर.

हा घोळ होतो कसा? कॉम्प्युटर 'कि' साठवताना आधी 'क' ठेवतो आणि मग वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने. स्क्रीनवर काढताना मात्र वेलांटी आधी यायला हवी. जोडाक्षरांचंही तसंच, 'द', हलन्त आणि 'य' मिळून एक आकार घडवावा लागतो. या कामाला 'शेपिंग' म्हणतात. इंग्रजीत एकापुढे एक अक्षर ठेवलं की बहुतेक काम भागतं, त्यामुळे व्हिडिओची कित्येक टूल्स शेपिंगशिवायच मोठी झाली. एफएफएमपेग हे जगभर वापरलं जाणारं फुकट टूल घ्या. त्यातल्या व्हिडिओवर अक्षरं काढणाऱ्या फिल्टरला शेपिंगसाठी हार्फबझ या इंजिनाची जोड मिळाली ती थेट २०२३ मध्ये. हेच हार्फबझ क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये आधीपासून काम करत होतं. म्हणूनच तोच मजकूर ब्राउझरमध्ये ठीकठाक आणि व्हिडिओत मोडलेला, असा चमत्कार दिसायचा.

तेव्हा फंडा नंबर एक : आधी शेपिंग तपासा. काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठी टेक्स्टचं वेगळं इंजिन निवडावं लागतं. सेटिंग्जमध्ये एकदा डोकावून या. मजकूरही युनिकोडमध्येच घ्या. शिवाजी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचाच असतो. दुसऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की थेट अगम्य भाषा!

टेस्टसाठी एकच ओळ पुरते : 'विद्यार्थी क्लिक करून दुसऱ्या पृष्ठावर गेले.' यात जोडाक्षर आहे, वेलांटी आहे, रफार आहे आणि आपला खास मराठमोळा 'ऱ्य' आहे. हा 'ऱ्य' हलक्यात घेऊ नका. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. लग्नाच्या व्हिडिओत 'आचाऱ्यांचे आभार'ऐवजी 'आचार्यांचे आभार' झालं की जिलब्या तळणारे काका थेट गुरुकुलात पोचतात.

फंडा नंबर दोन : इंग्रजी डिझाइनची हौस देवनागरीवर काढू नका. इंग्रजी टायटलमध्ये अक्षरं लांब लांब ठेवली की कूल दिसतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची तुकड्यांची माळ होते. तो टाइपरायटर इफेक्टही तसाच. एकेक अक्षर टपटप येताना आधी मोडका 'द' येतो, मग 'य' आला की दोघांचा अचानक 'द्य' होतो. त्यापेक्षा अख्खा शब्द एकदम येऊ द्या. दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा. आपल्याकडे वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असा दुमजली संसार असतो. जागा कमी पडली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर जाऊन बसतो.

रंगाचंही एक गणित आहे. फोनवर येणाऱ्या बहुतेक व्हिडिओंमध्ये उजेड-अंधाराची माहिती पूर्ण बारकाईने साठवतात, पण रंगाची मात्र आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी निम्मीच. म्हणजे चार पिक्सेलना मिळून एकच रंग. म्हणून निळ्यावर बारीक लाल अक्षरं काढली की कडा फिसकटतात. पांढरं किंवा पिवळं जाडसर अक्षर आणि त्यामागे काळी कड नाहीतर गडद पट्टी, हा जुनाच उपाय अजून नंबर वन आहे. आणि मोबाइलच्या उभ्या व्हिडिओत अगदी तळाशी काही लिहू नका. तिथे ॲपचं कॅप्शन आणि बटणं ठाण मांडून बसलेली असतात.

फंडा नंबर तीन : वेळ. इंग्रजी सबटायटल्ससाठी नेटफ्लिक्सचा नियम आहे, एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत ४२ कॅरेक्टर्स आणि एक सबटायटल फार तर ७ सेकंद. मराठीत मात्र कॅरेक्टर मोजणारं मशीन तुम्हाला गंडवू शकतं. 'क्षि' आपल्याला एक अक्षर दिसतं, युनिकोडच्या हिशोबात ते चार असतात! त्यामुळे आकड्यावर विसंबू नका, ओळ शांतपणे मनात वाचा. पुरी वाचून होण्याआधी ती गेली, तर वेळ वाढवा किंवा शब्द कमी करा.

ओळ कुठे तोडायची, हा तर खरा कळीचा मुद्दा. 'मी हे लग्न करणार' एवढं एका सबटायटलमध्ये आणि 'नाही' पुढच्या सबटायटलमध्ये. मधल्या दोन सेकंदांत घरच्यांनी पेढे वाटून घेतले! 'नाही', 'नको', 'नव्हता' हे शब्द क्रियापदाला चिकटूनच ठेवा. नाव आणि आडनावाचीही ताटातूट करू नका.

आता म्हणाल, एवढा काथ्याकूट कशासाठी? लोकलच्या गर्दीत आवाज बंद करून रील्स बघणारे आपण सगळे आहोतच. पण आपल्याला निदान घरी जाऊन आवाज चालू करायचा ऑप्शन असतो. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी ही अक्षरं म्हणजेच आवाज. तिथे मोडलेलं जोडाक्षर हे खरखरणाऱ्या स्पीकरसारखंच. केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये थिएटरमधल्या सिनेमांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ऐकू न येणाऱ्यांसाठी कॅप्शनची सोय आहे. पण तुमच्या ऑफिसचा ट्रेनिंग व्हिडिओ किंवा सोसायटीच्या गणेशोत्सवाची क्लिप तपासायला मंत्रालय येणार नाही. ते काम तुमचंच.

आणखी एक मोठा वर्ग आहे, नुकतं वाचायला शिकलेल्यांचा. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये एक साधी कल्पना मांडली : टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत शब्द दाखवा, म्हणजे गाता गाता वाचनाचा सराव होईल. पुढे 'चित्रहार'मध्येही हा प्रयोग झाला. अडखळत वाचणारा माणूस प्रत्येक अक्षराच्या आकारावर भरवसा ठेवतो. त्याच्यापुढे वेलांटी चुकीच्या जागी ठेवली, तर तो चूक सॉफ्टवेअरची न मानता स्वतःची मानतो. आणि वाचणंच सोडून देतो.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी व्हिडिओ पाठवण्याआधी दहा मिनिटं काढा. मोठ्या मॉनिटरवर बघून खूश होऊ नका. फाइल फोनवर घ्या, आवाज बंद करा आणि ज्याने स्क्रिप्ट वाचलेलीच नाही अशा कुणाच्या तरी हातात द्या. आई, वॉचमनकाका, पलीकडच्या डेस्कवरची अकाउंट्सवाली ताई, कुणीही चालेल. कसा झालाय ते विचारू नका, नुसतं मोठ्याने वाचायला सांगा. जिथे त्या अडखळतील तिथली वेळ लिहून घ्या आणि परत एडिटला बसा. सोमवार सकाळ अजून लांब आहे!