बंद करताना कुणाला विचारलं होतंत?

साहेब,

सप्रेम नमस्कार म्हणायची सवय आहे म्हणून म्हणतो. प्रेम किती उरलंय ते पुढे कळेलच.

तुमचं नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही. खुर्चीवरचा माणूस दर दोन-तीन वर्षांनी बदलतो आणि उत्तर तेच राहतं : प्रस्ताव विचाराधीन आहे. म्हणून हे पत्र खुर्चीलाच लिहितोय. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या नॅरोगेजची फाइल सध्या ज्या टेबलावर मुक्कामाला असेल, त्या टेबलामागच्या खुर्चीला.

आमची शकुंतला तुम्हाला माहीत आहे. मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरा दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला, ७६ किलोमीटर. अकोला, वाशीम, यवतमाळ, अमरावती अशा चार जिल्ह्यांतली माणसं या अडीच फुटी रुळांवरून शंभर वर्षं ये-जा करत होती. आधी यवतमाळची गाडी गेली, मग अचलपूरचीही गेली. हे सगळं तुमच्या फाइलीत आहे.

फाइलीत नसलेलं एकच विचारतो. गाडी बंद करताना कुणाची मंजुरी घेतली होतीत?

आता सुरू करायची म्हटली की सर्वेक्षण लागतं. सर्वेक्षण झालं की अंतिम सर्वेक्षण. मग डीपीआर. मग परताव्याचा दर. मग राज्याचा वाटा किती आणि केंद्राचा किती. मग बोर्ड, मग नीती आयोग, मग अर्थखातं. ठीक आहे, जनतेचा पैसा आहे, विचारपूस व्हायलाच हवी. पण जी चालती होती ती थांबवताना यातलं काय झालं? अंजनगावच्या बाजारात कुणी येऊन विचारलं का, की बाबांनो, उद्यापासून ही गाडी नसेल, तुमचं कसं होईल? गाडी बंद झाल्यावर एस.टी.च्या तिकिटापायी मजुराच्या रोजातून किती जातील, याचा दर कुणी काढला का? आम्हाला तरी कुणी काही विचारलं नाही. दुरुस्ती आहे म्हणाले. रूळ धोकादायक झालेत म्हणाले. आज नाही, पुढच्या आठवड्यात बघा म्हणाले. आम्ही बघत राहिलो.

रूळ धोकादायक झाले ते एका रात्रीत झाले का हो? स्लीपर कुजत होते, गिट्टी वाहून जात होती, आणि तुम्ही दरवर्षी गाडीचा वेग उतरवत होतात. वेग उतरला म्हणून माणसं एस.टी.कडे गेली. माणसं गेली म्हणून गाडी तोट्यात आली. तोटा आहे म्हणून खर्च नाही, आणि खर्च नाही म्हणून पुन्हा वेग उतरवा. ७६ किलोमीटरला चार-चार तास लागतात म्हणून तुम्हीच नाक मुरडलंत. ते चार तास कुणी केले?

तेव्हा तुमच्याकडे एक ठेवणीतलं कारण होतं. मालकीचं. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर आणि तिथून मुंबईमार्गे विलायतेला न्यायला. पुढे १९५१ मध्ये देशभरच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ही राहून गेली. रूळ कंपनीचे, गाडी तुमची, आणि वापरापोटी तुम्ही रॉयल्टी देणार असा करार. ‘स्वतंत्र भारतात इंग्रजांची रेल्वे’ म्हणून लांबलांबून वार्ताहर यायचे, १८९५चा लिव्हरपूलचा शिक्का असलेल्या सिग्नलचे फोटो काढून जायचे. मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं, त्याच्यावरही लेख आले. तुम्हालाही कौतुक होतं. पण रूळ बदला म्हटलं की तुमचं उत्तर ठरलेलं : लाइन आमची नाही, कंपनीची आहे.

तिकीट तर तुम्ही कापत होतात ना? आम्ही पैसे विलायतेला मनिऑर्डर करत नव्हतो.

आणि मालकीचा पेच सुटतो हे तुम्हाला ठाऊक नाही असंही नाही. बार्शी लाइट रेल्वेसुद्धा विलायती कंपनीचीच होती. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. आज कुर्डुवाडीवरून पंढरपूरला आणि लातूरला ब्रॉडगेज आहे, मुंबईहून निघालेला माणूस बार्शीवरून झोपेत लातूर गाठतो. अडीच फुटांची ती लाइन साडेपाच फुटांची झाली. इथं शेजारी नागपूर–छिंदवाडा बघा. तीही नॅरोगेज. २०१५ मध्ये तिथली छोटी गाडी थांबवलीत, पण काम हाती घेतलंत आणि काही वर्षांत मोठी गाडी आणूनही दाखवलीत. तिथं बंद केलीत ती सुरू करण्यासाठी. आमच्याकडे बंद केलीत ती कशासाठी, एवढंच सांगा.

आता २०१६ आठवा. तुम्ही विसरला असाल, आम्ही नाही. रेल्वेमंत्री सुरेश प्रभू होते. या मार्गाचं ब्रॉडगेज करणार, पंधराशे कोटी रुपयांचं काम आहे, असं जाहीर झालं. आमच्या घरी पेढे आले होते. ज्यांनी आयुष्यभर छोट्या गाडीने प्रवास केला ते म्हातारे एकमेकांना सांगत होते की आता आपल्या फलाटावरून थेट मुंबईची गाडी धरता येईल, सामान बदलायला नको. काही शहाणे म्हणाले, अरे, आधी रूळ पडू द्या, मग बोला. त्यांना आम्हीच गप्प केलं. मंत्री बोललाय, म्हटलं, आकड्यासकट बोललाय.

म्हणून गाडी थांबली तेव्हाही आम्ही फार ओरडलो नाही. हे लक्षात घ्या. आम्हाला वाटलं, थोरली यायची म्हणून धाकटी बाजूला होतेय. पाच-सात वर्षं कळ काढू. एस.टी.ने जाऊ, ऑटोने जाऊ, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसू. पोरगी कॉलेजला जायची ती मामाकडे राहील. आमचं ते गप्प बसणं तुम्ही कुठल्या रकान्यात लिहिलंत? ‘स्थानिकांची मागणी नाही’ असं तर नाही ना लिहिलंत?

विचारायला गेलो तर एका कचेरीत सांगितलं, वरून काही आलेलं नाही. वरच्या कचेरीत सांगितलं, खालून अहवाल आलेला नाही. तुमची गाडी कधी जोडून सुटली नाही, पण या दोन उत्तरांचं कनेक्शन काय अचूक आहे हो!

अर्थसंकल्पानंतर ते रेल्वेकामांच्या तरतुदींचं पिंक बुक येतं. तुमच्याकडे एक रीत आहे, एखादं काम मारायचंही नाही आणि करायचंही नाही असं ठरलं की त्याच्यापुढे हजार रुपये लिहायचे. हजार रुपये! शेकडो कोटींच्या रेल्वेला. यापेक्षा कोरी जागा ठेवा. तिथं निदान आशा तरी लावता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, रेल्वेशिवाय कुठं अडलंय? रस्ते झालेत, घरोघरी मोटरसायकल आहे. साहेब, मोटरसायकल ज्याच्याकडे आहे तो शकुंतलेत बसतच नव्हता. बसत होती ती भाजीच्या टोपल्यावाली, कापूस वेचायला जाणारी, दवाखान्यात निघालेली आजी, शाळकरी पोरं. एस.टी.च्या तिकिटाच्या कितीतरी कमी पैशात ती जायची आणि टोपल्याचे वेगळे पैसे कुणी मागत नव्हतं. उशीर व्हायचा, पण उशीर त्यांना परवडत होता. पैसे परवडत नव्हते.

त्या गाडीचा कारभार कसा चालायचा हे दिल्लीत कुणी पाहिलंय का? फाटक आलं की गाडी अलीकडे थांबायची. एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे सरकायची, पलीकडे पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा. तोवर फाटकाशी अडलेला बैलगाडीवाला आतल्या ओळखीच्याला बाजारभाव विचारून घ्यायचा. मधल्या स्टेशनांवर खिडकी बंद, मास्तर कधीच काढून घेतलेले. गार्डच तिकीट द्यायचा, गार्डच झेंडी दाखवायचा, आणि एखादी बाई शेतातून हात करत येताना दिसली तर ‘ये व माय, लवकर ये’ म्हणून थांबायचाही. मूठभर माणसांवर तुम्ही अख्खी लाइन चालवून घेतलीत. ती माणसं तोट्याचं कारण होती म्हणता? त्यांच्याइतक्या कमी खर्चात तुमची दुसरी कुठली गाडी चालली असेल तर दाखवा.

यवतमाळकरांना तुम्ही दुसरं बोट दाखवता : वर्धा–यवतमाळ–नांदेड येतेय ना. येऊ द्या, आनंदच आहे. २८४ किलोमीटरचा तो मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला आणि त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झाला. जवळजवळ चाळीस किलोमीटर. मंजुरीनंतरचा तुमचा वेग हा, तर मंजुरीआधीच्या वेगाबद्दल आम्ही काय समजायचं? आणि त्या मार्गाचा दर्यापूरला काय उपयोग? अंजनगावला? कारंज्याला? यवतमाळला वर्ध्याकडून दार उघडतंय म्हणून अचलपूरचं दार लावून टाकायचं, हा हिशोब कुणाचा?

जागेचं म्हणाल तर नवी लाइन टाकताना भूसंपादनात वर्षं जातात, हे आम्हाला कळतं. पण इथं शंभर वर्षांपूर्वी घातलेला भराव आहे. नदीनाल्यांवर पूल आहेत, स्टेशनं आहेत, गावागावातून गेलेली पट्टी आहे. ब्रॉडगेजला वळणं सरळ करावी लागतील, पूल नवे लागतील, थोडी जमीन वाढवावी लागेल, मान्य. तरी निम्मं काम इंग्रजाने करून ठेवलंय. मग उशीर होईल तसं ते काम वाढतंय की कमी होतंय? लाइनीवर बाभळी माणसाच्या उंचीवर गेल्यात. रस्त्याच्या डांबराखाली काही ठिकाणी रूळ दिसतही नाहीत. स्टेशनच्या ओट्यावर जुगार चालतो. पट्टीवर उद्या टपऱ्या येतील, परवा घरं येतील, आणि तेरवा तुम्हीच अहवालात लिहाल की अतिक्रमणांमुळे प्रकल्प व्यवहार्य नाही. ती अतिक्रमणं होऊ कुणी दिली, हे त्या अहवालात नसेल.

आमच्यातलेच काही म्हणतात, वारसा म्हणून जपा, टुरिस्टांसाठी छोटी गाडी चालवा, झुकझुक करत. चालवा बापडे. मला मात्र त्यात रस नाही. कापूस वेचून परतणाऱ्या बाईला वारसा नको असतो, सहाची गाडी हवी असते.

निवडणूक आली की गाडी आपोआप सुरू होते. व्यासपीठावर. सगळ्या पक्षांच्या. कुणी म्हणतो मी पाठपुरावा केला, कुणी म्हणतो मी पत्र दिलं. पत्रांना तोटा नाही. या पत्रांची एक मालगाडी भरेल, पण ती धावायला लाइन हवी ना.

राग आहे, पण रागापेक्षा एक गोष्ट जास्त लागलीय. तुम्ही आम्हाला कधी नाही म्हणाला नाहीत. नाही म्हणाला असतात तर आम्ही भांडलो असतो, रुळावर बसलो असतो, कोर्टात गेलो असतो, नाही तर सोडून देऊन एस.टी.च्या जादा फेऱ्यांसाठी तरी डेपोत धरणं धरलं असतं. तुम्ही हो म्हणालात. हो म्हणून गाडी काढून घेतलीत आणि गप्प बसलात. त्या एका होकारावर एक पिढी थांबून राहिली. आज पहिलीत जाणाऱ्या आमच्या पोरांनी शकुंतला पाहिलेली नाही. त्यांच्या दृष्टीने ती लाइन म्हणजे शेताच्या बांधासारखी एक उंच जागा.

म्हणून मागणं साधं आहे. पंधराशे कोटी उद्या द्या असं म्हणत नाही. फाइल उघडा आणि तिच्यावर दोनपैकी एक लिहा. मंजुरी देणार असाल तर काम कुठल्या टोकापासून आणि कोणत्या वर्षी सुरू होणार ते तारखेसह लिहा, आणि तोवर पट्टीची राखण कुणी करायची तेही लिहा. देणार नसाल तर ‘नामंजूर’ लिहा, कारण लिहा, खाली सही करा, आणि तो कागद मूर्तिजापूर, यवतमाळ आणि अचलपूर या तिन्ही स्टेशनांच्या भिंतीवर चिकटवा. पुढे काय करायचं ते आम्ही बघू.

फक्त ‘विचाराधीन’ हा शब्द पुन्हा पाठवू नका.

कळावे,
अचलपूर फाट्यावरचा तुमचा एक जुना प्रवासी