रस्ता इथूनच का जातो? पोरांना विचारू द्या!



जिल्ह्याच्या नकाशावरचे महामार्ग आपण कसे शिकवतो? नकाशावर पट्टी ठेवायची, रेघ दाखवायची आणि 'अमुक ते तमुक' असं वहीत लिहून घ्यायचं. झाला धडा! माझं स्पष्ट मत आहे, की एवढ्यानं भागत नाही. रस्ता इथूनच का जातो, हा खरा प्रश्न आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या मुलांना तर तो आज विचारता यायलाच हवा.

सुरुवात क्रमांकांपासून करा. राष्ट्रीय महामार्ग 61 परभणीहून वसमतमार्गे नांदेडला जातो. 161 अकोला, वाशीम, हिंगोली, कळमनुरी, नांदेड, देगलूर करत तेलंगणातल्या संगारेड्डीला पोचतो. 361 तुळजापूरहून निघून लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धामार्गे नागपूरजवळ बुटीबोरीला जातो. 161 आणि 361 आपल्या वारंगा फाट्यावर एकमेकांना भेटतात.

तिन्हींत 61 कसे? 2010 मध्ये देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. पूर्व-पश्चिम मुख्य मार्गांना विषम, दक्षिणोत्तर मार्गांना सम. तीन अंकी क्रमांक म्हणजे शाखा. शेवटचे दोन अंक मुख्य मार्गाचे. एखादं पोरगं लगेच विचारेल, "सर, 161 तर उत्तर-दक्षिण जातो, मग विषम कसा?" शाबासकी द्या त्याला. शाखेला दिशेवरून नाही, मुख्य मार्गावरून क्रमांक मिळतो.

आता इतिहास. 161 चं दक्षिणेकडचं टोक हैदराबादच्या शेजारी आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. राजधानी दक्षिणेला, म्हणून सरकारी कामाची वाटही दक्षिणेला. 1956 मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात. राजधानी बदलली, पश्चिमेला गेली. पण नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आखला गेला तेव्हा दहा जिल्ह्यांच्या यादीत शेजारचा वाशीम आला, हिंगोली नाही. रेघ थोडी वर सरकली की एक जिल्हा बाहेर राहतो. हे भूगोलानं एकट्यानं ठरवलेलं नसतं, माणसं ठरवतात.

आणि आता नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग. सुमारे 802 किलोमीटरच्या मूळ आराखड्यात बारा जिल्हे आहेत, त्यात आपलाही आहे. वाटेवरच्या तीर्थांत औंढा नागनाथ आहे. अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी विरोध केला आहे. आपल्या वर्गातल्या काही लेकरांच्या घरी रात्री जेवताना हीच चर्चा चालते. कुणाला मोबदला हवा, कुणाला हळदीचं रान सोडवत नाही. आणि आपण शाळेत काय म्हणतो? "हा राजकीय विषय आहे, नको!"

मला हे पटत नाही. शाळेनं बाजू घेऊ नये, हे कबूल. पण रस्ता वाचायला शिकवणं म्हणजे बाजू घेणं नव्हे. साधा फरक समजावून सांगा. जुना राज्य महामार्ग गावाला फाटा देतो. फाट्यावर एसटी थांबते, चहाची टपरी लागते, हळूहळू बाजार भरतो. द्रुतगती मार्गावर वाटेल तिथून चढता येत नाही. जोडरस्ता जिथे असेल तिथूनच प्रवेश. म्हणजे रस्ता शेताला लागून गेला तरी तो आपल्या उपयोगाचा असेलच असं नाही. पलीकडच्या रानात बैलगाडी कशी न्यायची, शाळेत येणाऱ्या पोरी कुठून ओलांडणार, भुयारी मार्ग कुठे आहे, हे प्रश्न आखणीच्या वेळीच विचारावे लागतात. काँक्रीट पडल्यावर विचारून काय उपयोग?

करून बघा. गावाचा नकाशा घ्या, त्यावर दोरा ताणा. दोऱ्याखाली कुठले गट येतात, विहीर कुठे, पाणंद कुठे तुटते, ते मुलांना मोजू द्या. मग दोरा थोडा सरकवा आणि पुन्हा मोजा. गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकाच तासात!

पालकांनो, मूल घरी येऊन सातबारा मागू लागलं तर रागावू नका. त्याला गट क्रमांक वाचून दाखवा. उद्या हरकत घ्यायची असो की संमती द्यायची असो, समोरचा कागद वाचणारं कुणीतरी घरात हवं.