द्राक्षमळा कोणाचा, जोखीम कोणाची?

मराठवाड्याला द्राक्षाचे नावीन्य नाही. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद करून ठेवली आहे. आज लातूर जिल्ह्यात औसा परिसरी खाण्याच्या द्राक्षांचे मळे उभे आहेत. अशा मळ्याच्या बांधावरच एखाद्या शेतकरी कुटुंबाने वाइनचा लहानसा कारखाना काढावा, ही कल्पना लातूर-नांदेडकडील कोणाही होतकरू तरुणास भुरळ घालील अशी आहे. आम्ही तिला विरोध करीत नाही. मात्र तिच्यातील जोखीम कोणाच्या शिरावर पडणार, हे वेल लावण्यापूर्वीच ठरले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खाण्याचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष ही वस्तुतः दोन निराळी पिके आहेत. खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला तर त्याचा बेदाणा करता येतो. कॅबर्ने किंवा शिराझ या जातींचे लहान, जाड सालीचे, बियांचे मणी बाजारात कोणी विचारीत नाही. त्यांना गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे वाइनचा कारखाना. आणि तोडलेला माल त्याच्या दारी तासांच्या हिशेबाने पोहोचावा लागतो.

याचा कटू अनुभव नाशिक भागाने घेतलेला आहे. राज्य शासनाने 2001 साली द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले, करांत सवलती दिल्या, विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभारले. कारखान्यांच्या भरवशावर शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या. पुढे 2008 साली जागतिक मंदी आली, त्यातच मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांतील मागणी ओसरली आणि कारखान्यांनी खरेदी आखडती घेतली. कित्येकांना उभ्या बागा उपटाव्या लागल्या. धोरण शासनाचे, करार कारखान्याचा आणि तोटा मात्र शेतकऱ्याचा, असा तो न्याय होता. विंचूर व पलूस ही दोन्ही ठिकाणे लातूरपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे मराठवाड्यात हा धोका किती वाढतो ते निराळे सांगावयास नको.

दुसरा प्रश्न पाण्याचा. ठिबकावरील द्राक्षवेल उसाहून पुष्कळ कमी पाणी पिते, हे खरे. पण कमी पाणी म्हणजे पाणीच नको असे नव्हे. वेलीची खरड छाटणी एप्रिलमध्ये होते आणि पुढील हंगामाची फळधारणा त्यानंतरच्या कडक उन्हाळ्यातच काडीत ठरते. याच एप्रिल महिन्यात, 2016 साली, लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्याच्या शेततळ्यात मे अखेरपर्यंत पाणी नाही, त्याने या फंदात पडू नये. नांदेडकडील गोदाकाठच्या काळ्या, भारी जमिनीत तर पाण्याचा निचरा होत नाही. वेलीस हलकी, मुरमाड जमीनच मानवते. शिवाय गारपिटीचे भय आहेच. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील तडाखा मराठवाडा विसरलेला नाही.

असे असूनही घरचा लहान कारखाना आम्हांस मोठ्या कराराहून श्रेयस्कर वाटतो. मळा व कारखाना एकाच कुटुंबाचा असला की तोडणीचा दिवस आणि मालाचा भाव परक्याच्या मर्जीवर राहत नाही. मात्र त्यास लागणारे भांडवल निराळ्या जातीचे आहे. एक टन द्राक्षांपासून सुमारे सहाशे-सातशे लिटर वाइन होते. परंतु ती थंड टाक्यांत सांभाळावी लागते आणि लाल वाइन विक्रीस येईतो वर्ष सहज उलटते. वर्षाच्या पीककर्जावर हा संसार चालणे अशक्य आहे.

राहिला नीतीचा प्रश्न. मोठ्या दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने जानेवारी 2022 मध्ये घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद झाला. लोकक्षोभापुढे तो निर्णय मागे पडला. आमच्या मते तो युक्तिवादच अप्रामाणिक होता. वाइन हे मद्यच आहे आणि घटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने मद्यनिषेधाची दिशा राज्यास दाखविलेली आहे. तथापि त्याच राज्याच्या तिजोरीत मद्यावरील कराचा ओघ अखंड वाहत असताना नीतीचा सारा भार एकट्या द्राक्षबागाइतदाराने वाहावा, हेही न्याय्य नव्हे.

तेव्हा शासनाने गावोगावी स्वप्ने वाटीत न फिरता चार गोष्टी कराव्यात. परवान्याचे शुल्क उत्पादनाच्या प्रमाणात ठेवावे. कर्जाची मुदत वेलीच्या व वाइनच्या वयाशी जुळवावी. खरेदीच्या प्रत्येक कराराची नोंद करून कारखान्याकडून अनामत घ्यावी. आणि पाण्याची खात्री पटल्याखेरीज अनुदान देऊ नये. एवढे होत नसेल, तर लातूरच्या शेतकऱ्याने आपली खाण्याची द्राक्षेच पिकवावीत. त्यात त्याचे नुकसान झाले तरी निदान माल विकण्यास बाजार तरी त्याला मोकळा राहील.