तास मोजावेत की उड्डाणे?

बारामतीहून निघालेले शिकाऊ विमान २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. विमानात एकटीच असलेली तरुण प्रशिक्षणार्थी सुदैवाने बचावली. गुजरातेतील अमरेलीत २२ एप्रिल २०२५ रोजी दैवाने तशी साथ दिली नाही. एकट्याने आकाशात गेलेला शिकाऊ वैमानिक नागरी वस्तीत विमान कोसळून मरण पावला. अशा अपघातांची तांत्रिक कारणे निरनिराळी असतात. 'वैमानिक नवखा होता' हा शेरा मात्र ठरलेला. पण नवखेपणा हा शिकणाऱ्याचा दोष कसा? तो घालविण्यासाठीच तर पालक लाखो रुपये मोजतात.

व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांच्या उड्डाणाची अट आहे. शुल्काचा हिशेबही तासांवरच चालतो. संकट मात्र तासाच्या मापाने येत नाही. जमीन सोडल्यावर पहिल्या मिनिटात उंची आणि वेग दोन्ही तुटपुंजे असतात. त्या वेळी इंजिन बंद पडले तर समोरच जागा पाहून उतरावे, असे शास्त्र सांगते. नवख्याचे मन मागे राहिलेल्या धावपट्टीकडे ओढ घेते. तो विमान वळवतो, पंखांचा आधार सुटतो आणि सावरण्यापुरती उंची उरलेली नसते. दख्खनच्या उन्हाळ्यात हवा विरळ होते, तेव्हा विमान चढतेही सावकाश. दोन तासांच्या दूरच्या फेरीत हा क्षण एकदाच येतो. धावपट्टीभोवतीच्या घिरट्यांत तासाभरात अनेकदा. वहीत मात्र पहिलीचे दोन तास, दुसरीचा एक!

भिवंडीच्या यंत्रमागावर मजुरी मीटरवर मिळते, म्हणून मीटर वाढतात. कापडातला दोष पाहणारा माणूस निराळा ठेवावा लागतो. विमानविद्येत हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीत चार दिवसांत दोन अपघात घडल्यावर त्याने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण थांबविले. कारवाई रास्तच, पण ती अपघातानंतरची.

रात्रीच्या सरावासाठी दहा उड्डाणे आणि दहा अवतरणे अशी संख्या नियमांत आहेच. मग उड्डाणसमयी इंजिन निकामी झाल्याच्या सरावालाही तशी किमान संख्या का नसावी? शिष्याला प्रथम एकट्याने सोडण्यापूर्वी परक्या संस्थेच्या परीक्षकाची संमतीही घ्यावी. यामुळे खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे. परंतु तयार वैमानिक आयते मिळतात ते विमान कंपन्यांना. त्या वाढीव खर्चाचा वाटा त्यांच्याकडूनच वसूल करणे न्याय्य ठरेल.