एसटी : ताळेबंदात न मावणारे वर्ष

१/ १ जून १९४८. पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. एसटीच्या प्रवासाचा हा आरंभ नगरच्या मातीशी जोडलेला आहे.

२/ तत्पूर्वी प्रवासी वाहतूक मुख्यतः खासगी मोटारमालकांच्या हाती होती. उत्पन्न असेल तेथेच गाडी, हे तिचे गणित. एसटीने ते नाकारले. अकोले तालुक्यातील डोंगराळ गावांनाही लाल गाडी ओळखीची झाली.

३/ आता २०२० पाहा. मार्चअखेर टाळेबंदीने चाके थांबली. तरीही एप्रिलअखेर कोटा येथे अडकलेल्या विद्यार्थ्यांना आणण्यासाठी धुळ्याहून बस निघाल्या. मे महिन्यात एसटीने परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोहोचवले. १ जूनला ती ७२ वर्षांची झाली.

४/ त्याच वर्षी चालक-वाहकांचे वेतन मात्र महिनोन्महिने रखडले. इतरांना घरी पोहोचवणाऱ्यांच्या घरची चूल अडचणीत आली.

५/ माझे मत स्पष्ट आहे. संकटात जिला लोकसेवा म्हणून हाक मारली, तिच्याकडे संकट सरताच केवळ व्यवसाय म्हणून हिशेब मागणे अन्यायाचे आहे. तोट्यातील फेरी ही समाजाची गरज असेल, तर तिचा भार शासनाने उचलावा. कर्मचाऱ्याच्या पगारातून तो वसूल होऊ नये.