कलुशाच का?

ऐतिहासिक नाटक-कादंबऱ्यांत कारस्थानी पंडित दिसला की मला संशय येतो तो लेखकाचाच. आता कवी कलशच घ्या. उत्तरेकडचा ब्राह्मण, वर कवी. म्हणजे परका आणि शहाणा. एवढं पुरे! बखरकारांनी त्याचा कलुशा केला, जारणमारण चिकटवलं. गडकऱ्यांच्या अपुऱ्या 'राजसंन्यास'मध्येही तो खलनायकच. संभाजीराजांचं जे जे खटकलं ते याच्या माथी! अहो, पण १६८९ साली राजांबरोबर धरला गेला कोण? त्यांच्यासोबत हालहाल होऊन मेला कोण? धन्याला बुडवणारा असा मरायला थांबतो होय? 'छावा'त (१९७९) शिवाजी सावंतांनी त्याला मित्र केलं, बरं झालं. १६८० मध्ये राजांना डावलून राजारामांना गादीवर बसवलं ते रायगडावरच्या आपल्याच कारभाऱ्यांनी. त्यांना मात्र आपण मुत्सद्दी म्हणतो.